उसने वडील

मी काय काम करते हे सांगितलं की लोकांना ते चटकन कळत नाही. कारखान्यांतल्या साहेबलोकांना बदलायला शिकवते, असं म्हटलं की समोरचा हसतो. तरी काम तेच आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात होते. तिथं एक गोष्ट लक्षात आली. गिऱ्हाईक बदललं, यंत्रं बदलली की कामगार कुरकुर करत का होईना, बदलतात. त्यांना अडून बसायची सोय नसते. अडून बसतात ते विभागप्रमुख. 'आमच्याकडे असंच करतात' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी नोकरी सोडून त्याच वाक्याच्या मागे लागले. आता नाशिकच्या आसपासच्या कंपन्या मला बोलावतात. शनिवारी त्यांच्या प्रमुख माणसांना घेऊन मी बसते. सहा महिने, कधी आठ महिने हे चालतं.

या शिबिरांत मी एक गोष्ट सांगायची. माझ्या वडिलांची. दुसऱ्या शनिवारी, जेवणानंतर, माणसं पेंगायला लागली की.

वडील मनमाडला रेल्वेत होते. स्टेशनच्या टोकाला उंचावर केबिन होती, तिथं लोखंडी खटके ओढून ते रूळ बदलायचे. आयुष्यभर तेच केलं. मी सातवीत असताना खटके जाऊन तिथं बटणांचं पॅनल येणार असं ठरलं. वडिलांनी पन्नाशी ओलांडली होती. पहिले काही दिवस ते जेवत नव्हते. मग एका दुपारी त्यांनी मला जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर ते पॅनल काढायला लावलं. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं त्यावर मांडली. लाल बटणं सिग्नलची, पांढरी रुळांची. ओसरीवर बसून ते रोज दुपारी बटणं दाबायचे आणि मी गाड्यांची नावं घ्यायची. खात्याच्या परीक्षेत ते पास झाले. मी विचारलं, "दादा, भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "हाताला वय कळत नाही. ते आपणच त्याला सांगत बसतो."

इथं मी थांबायची. चष्मा काढून हातात धरायची. हॉलमध्ये कोणी तरी डोळे पुसायचं, आणि पुढचे सगळे शनिवार सोपे जायचे.

अंबडच्या ज्या कारखान्याबद्दल सांगायचं आहे तिथं दुचाकींच्या सायलेन्सरचे भाग बनत. विजेच्या गाड्यांना सायलेन्सर लागत नाही. मोठ्या गिऱ्हाईकानं मालकांना तसं स्पष्ट सांगितलं होतं: थोड्या वर्षांत हा माल बंद, दुसरं काही करून देता आलं तर बघा. मालक साठीचे, तडफदार. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे सात मॅनेजर आहेत आणि सातही भिंती आहेत. मला दारं करून द्या."

पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या वरच्या मजल्यावर त्यांचा हॉल होता. खाली प्रेस बसली की वरची जमीन हलायची आणि ग्लासातल्या पाण्यावर गोल उठायचे. सात जणांत प्रॉडक्शन मॅनेजर सगळ्यांत कठीण होते. येवल्याचे, धिप्पाड, मोजकं बोलणारे. पहिल्या शनिवारी ओळख करून देताना ते म्हणाले होते, "वडील पैठणी विणतात. मी मागावर बसलो नाही, इथं आलो." एवढंच. दुसऱ्या लक्षात राहिलेल्या क्वालिटीच्या बाई. बारीक, चटपटीत, वही नेहमी छातीशी धरलेली. त्या घरच्याबद्दल काहीच बोलल्या नव्हत्या.

माझी पद्धत साधी होती. उद्यापासून हा भाग बंद झाला तर काय कराल, हे त्यांनी आपल्या विभागापुरतं लिहायचं. लाइनवरच्या माणसाला यंत्र थांबवायचा अधिकार द्यायचा. सकाळी दहा मिनिटं उभ्यानं बोलायचं, बसायचं नाही. आणि मुख्य म्हणजे एक-एक आठवडा एकमेकांच्या खुर्चीत बसायचं. प्रॉडक्शनवाल्यानं स्टोअर सांभाळायचं, क्वालिटीवालीनं खरेदी. नुसतं काम करायचं नाही; त्या खुर्चीतल्या माणसासारखा विचार करायचा, त्याचे शब्द वापरायचे, त्याची काळजी आपली समजायची. "आपण आपल्याला घट्ट धरून ठेवतो," मी म्हणायची. "जरा सैल सोडा."

त्यांनी सोडलं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एवढ्या लवकर बदललेली माणसं मी पाहिली नाहीत. चौथ्या महिन्यात प्रॉडक्शन मॅनेजर स्टोअरमध्ये बसले तेव्हा मी सहज डोकावले, तर ते स्टोअरवाल्यांसारखे खोकत होते. स्टोअरच्या मॅनेजरांना जुना दमा होता. मी हसले. मला ते कौतुकाचं वाटलं.

काम संपलं. निरोपाला मालकांनी मोठा हार घातला. पुढे वर्षभराहून जास्त काळ मी तिकडे गेले नाही. मग एक दिवस त्यांचा फोन आला. कारखान्यात बॅटरीचे डबे बनायला लागले होते, नवी भरती झाली होती, जुनी तुकडी कशी टिकली आहे ते बघायला या, म्हणाले. "सोमवारी सकाळीच या. आमची सभा बघा."

सोमवारी आठाला मी पोचले. गेटच्या आत शेडखाली नवे इंजिनिअर आणि ऑपरेटर उभे होते. समोर सातही मॅनेजर एका ओळीत. मी मागे, खांबाजवळ उभी राहिले. प्रॉडक्शन मॅनेजर पुढे आले. वजन उतरलं होतं. त्यांनी चष्मा लावला होता, तो पूर्वी नव्हता.

"बरं," ते म्हणाले, आणि थोडं थांबले. "माझे वडील रेल्वेत होते. मनमाडला."

मला वाटलं, मॅडमची गोष्ट सांगतो असं म्हणायचं राहिलं असेल. शेवटी म्हणतील. ते सांगत गेले. केबिन, खटके, न जेवलेले दिवस. ओसरीवरचं कॅलेंडर. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. शब्द माझे होते, आणि माझ्या त्याच जागी ते श्वास घेत होते. "मी विचारलं, दादा, भीती नाही वाटली?" असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरला. तेव्हा ओळीतल्या बाकी सहा जणांनी मान जराशी डावीकडे कलती केली. सहाही जणांनी, एकदम. मी तशी करते हे मला माझ्या लग्नाच्या व्हिडिओमुळे माहीत होतं.

नव्या पोरांतल्या एकीनं डोळे पुसले. टाळ्या झाल्या. माझं नाव आलं नाही.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेले आणि हसत म्हणाले, "माझी गोष्ट छान सांगितलीत."

"कुठली, मॅडम?"

"आत्ताचीच. वडिलांची."

त्यांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूण नव्हती. आपलं काही चुकलं का, अशी काळजी होती. "मॅडम, ते माझे वडील," ते हळूच म्हणाले. "मनमाडला होते केबिनमध्ये. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

येवला, माग, पैठणी, हे सगळं मी ऐकलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पण ते माझ्याकडे इतक्या सरळ बघत होते की क्षणभर वाटलं, वहीत मीच चुकीचं लिहिलं असेल.

तासाभरानं क्वालिटीच्या तपासणी टेबलाशी मला तोच आवाज आला. तोच म्हणजे माझाच, पण बारीक. क्वालिटीच्या बाई एका नव्या मुलीला समजावत होत्या. "घाबरू नकोस. माझे वडील पन्नाशीनंतर शिकले. आम्ही बटणं मांडायचो ओसरीवर." मला बघून त्या थांबल्या. वही छातीशी घट्ट धरली आणि दुसरीकडे निघून गेल्या.

मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना सांगितलं तर ते खळखळून हसले.

"अहो, ते माझंच डोकं. तुमची सगळी शिबिरं मी फोनवर रेकॉर्ड केली होती. एवढी चांगली गोष्ट वाया का घालवायची? दर सोमवारी एकानं उभं राहून सांगायची, असा नियमच केला. सुरुवातीला 'मॅडमचे वडील, मॅडमचे वडील' करायचे. त्यात काही दम नव्हता. मी म्हटलं, 'माझे वडील' म्हणा. ऐकणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे."

"पण त्यांना ते खरं वाटायला लागलंय."

"मग चांगलंच की." मालक माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघत होते. "तुम्हीच म्हणाला होतात, स्वतःला सैल सोडा."

खुलासा तर झाला. दर सोमवारी तेच शब्द म्हटले की ते ओठांना लागतात, हे मला समजत होतं. पण चहाच्या वेळचे त्यांचे ते सरळ डोळे मला स्वस्थ बसू देईनात. दुपारी मी पुन्हा प्रॉडक्शन मॅनेजरांच्या काचेच्या खोलीत गेले. खाली प्रेस चालू होत्या, टेबल थरथरत होतं. मी विचारलं, "तुमचे वडील दिसायला कसे होते?"

त्यांनी डोळे मिटले. मोठा माणूस, पण चेहरा एकदम शाळकरी झाला.

"उंच. थोडे वाकलेले. ओसरीवर आरसा टांगून दाढी करायचे. इथं, डाव्या कानाखाली, मोठा तीळ होता. वस्तरा तिथं आला की हळू करायचे. जीभ गालात धरून."

दाढी करताना जीभ गालात धरलेले, डाव्या कानाखालचा तीळ जपणारे वडील मला स्वच्छ आठवत होते. पण ते मी कधी, कोणालाही सांगितलं नव्हतं. गोष्टीत त्याचं कामच नव्हतं.

मालकांकडून रेकॉर्डिंग मागून घेतलं. दोन दिवस घरी खिडक्या लावून सगळे शनिवार ऐकले. स्वतःचा आवाज तासन्‌तास ऐकणं त्रासाचं असतं. थोड्या वेळानं तो परका वाटायला लागतो, मग आगाऊ वाटायला लागतो. तीळ कुठंही नव्हता. दाढी नव्हती. आरसा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं मनमाडला गेले. आई तिथं माझ्या भावाकडे राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ आणि वहिनी कामाला गेले होते. आई शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "आई, दादांनी ती बटणं मांडून परीक्षेचा अभ्यास केला होता ना, ती बटणं तुझ्या डब्यातलीच ना?"

"कसली बटणं?"

मी सांगितलं. कॅलेंडर, ओसरी, लाल-पांढरी बटणं. आई सोलायची थांबली.

"अगं, ते आपल्याकडे नाही. ते पलीकडच्या क्वार्टरमधले काका. त्यांची पोरगी तुझ्या वर्गात होती. दुपारची तू तिथंच पडलेली असायचीस, गाड्यांची नावं ओरडत. मला आपल्या क्वार्टरपर्यंत ऐकू यायचं."

"आणि दादा?"

"ते परीक्षेला बसलेच नाहीत. अर्ज आणला, तो पाटावर ठेवला आणि चार दिवस त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांना गावाबाहेरच्या फाटकावर टाकलं. गाडी आली की फाटक बंद, गेली की उघडं. रिटायर होईपर्यंत तेच." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुला नाही आठवत? तू तर शाळेत सगळ्यांना सांगायचीस, माझे वडील अजून केबिनमध्येच आहेत म्हणून. बाईंनी मला बोलावून विचारलं होतं."

मी भिंतीकडे बघितलं. तिथं वडिलांचा फोटो आहे, हार घातलेला. मी तो शेकडो वेळा पाहिला होता, दर भेटीत नमस्कार केला होता. उठून जवळ गेले. फोटोत चेहरा जरासा उजवीकडे वळलेला आहे, डावा कान आणि त्याखालचा गाल पूर्ण दिसतो. तिथं काही नव्हतं. नुसती गुळगुळीत कातडी.

"तीळ?" मी विचारलं.

"तीळ त्या काकांना होता," आई म्हणाली. "ह्यांच्या अंगावर कुठं डाग नव्हता."

पुढचे दोन-तीन तास मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. आईनं वाढलं ते जेवले असेन. फोटोतला माणूस सारखा माझ्या पाठीकडे बघत होता, आणि तो कोण हे मला ठाऊक नव्हतं. दादा म्हणून मी ज्याला आठवायची त्याचा चेहरा दुसऱ्याच्या घरातला होता. परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते. गावाबाहेर एक फाटक मागे गेलं. बंद दांड्याच्या पलीकडे मोटरसायकली उभ्या होत्या आणि कोणी एक जण हातात हिरवं निशाण धरून होता. मी मान वळवली. का वळवली ते कळलं नाही. लहानपणीही बहुधा असंच करत असेन.

दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शन मॅनेजरांना कारखान्याबाहेर, त्रिमूर्ती चौकाजवळच्या एका हॉटेलात बोलावलं. सगळं सांगितलं. गोष्ट तुमची नाही, आणि आता कळतंय की माझीही नाही. ते चिडतील अशा तयारीनं मी गेले होते. ते शांतपणे ऐकत राहिले.

"मग तीळ कोणाला होता?"

"त्या शेजारच्या काकांना."

त्यांनी मान हलवली, एखादी बातमी पक्की झाल्यासारखी. "पण मला ते दिसतात, मॅडम. खरंच दिसतात. आण्णांपेक्षाही स्पष्ट दिसतात."

"आण्णा कोण?"

ते बोलायला गेले आणि थांबले. ओठ उघडेच राहिले. टेबलावरच्या त्यांच्या बोटांनी फडक्याची घडी धरली आणि सोडली, पुन्हा धरली.

"आण्णा," ते म्हणाले, "माझे वडील."

"कुठं असतात?"

"येवल्याला. धाकट्या भावाकडे. आहेत अजून." चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "मी शेवटचा कधी गेलो, मॅडम? दिवाळीत गेलो का मी?" हे ते मला विचारत होते.

रविवारी सकाळी त्यांच्या गाडीतून आम्ही येवल्याला गेलो. मी सोबत यावं असं त्यांनीच म्हटलं. विंचूरच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे गाडी हळू झाली तेव्हा म्हणाले, "आत गेल्यावर मी काय बोलू?" मी पुढच्या ट्रॅक्टरमधले कांदे बघत राहिले. लोकांना कुठल्याही परिस्थितीत काय बोलावं हे शिकवणं माझा धंदा आहे.

घर एका गल्लीत होतं. खालच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, त्यावर अर्धवट विणलेला जांभळा पदर. तो आता धाकटा भाऊ विणत असे. त्या वेळी तो बाहेर गेला होता. मागाच्या बाजूला, भिंतीला टेकून, म्हातारे आण्णा बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. भावजयीनं आम्हाला बघून पदर सावरला आणि पाणी आणायला आत गेली.

"या, बसा," आण्णा म्हणाले. "कोणाकडं आलात?"

"आण्णा, मी आहे," प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले.

म्हाताऱ्यानं कान पुढे केला. "कोण म्हणालात?"

"मी. नाशिकहून आलोय."

"बसा की. पोरगा येईल इतक्यात. पैठणी बघायचीय का?"

मी दारात उभी होते. प्रॉडक्शन मॅनेजरांचा आवाज मला आता नीट ऐकू आला. ते माझ्यासारखे बोलत होते. तीच माझी सावकाश, स्वच्छ, हॉलमधली भाषा, वाक्याच्या शेवटी किंचित खाली येणारी. या खोलीत ती अगदी परकी वाटत होती. ते वडिलांपुढे गुडघ्यांवर बसले. "आण्णा, तुमचा थोरला मुलगा मी."

"आवाज वळखीचा नाय," आण्णा म्हणाले. ते घाबरले होते. हात मागे घेऊन त्यांनी मागाचं लाकूड धरलं. "सूनबाई, कोण हाय गं हे?"

प्रॉडक्शन मॅनेजरांनी दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. आत कुठं तरी ते शोधत होते, ते मला दिसत होतं. घशातून एकदा नुसताच खरखरीत आवाज आला. मग ते म्हणाले, खूप हळू, प्रत्येक शब्द चाचपत, "आन्ना. म्या हाय. लय दिस झालं, नाय का?"

म्हाताऱ्याचा हात लाकडावरून सुटला. तो मुलाच्या चेहऱ्यावर आला, कपाळावरून, नाकावरून, गालावरून फिरला. मी त्या बोटांकडेच बघत होते. डाव्या कानाखाली ती थांबतात का, हे मी बघत होते. बोटं थांबली नाहीत. खाली मानेवर गेली, खांद्यावर स्थिरावली.

"वाळलास," आण्णा म्हणाले.

मी बाहेर गाडीत जाऊन बसले. ते दीड-दोन तासांनी आले. परतीच्या वाटेवर त्यांनी चष्मा लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नंबर नाहीये मला. साध्या काचा आहेत. कधी घेतला, आठवत नाही."

मालकांना सोमवारची गोष्ट बंद करायला लावणं सोपं गेलं नाही. "मग नव्या पोरांना काय सांगू?" ते म्हणत राहिले. मी म्हटलं, ज्याला आपलं काही सांगायचं असेल त्यानं सांगावं, नसेल तर कामाला लागावं. पहिल्या सोमवारी मी मुद्दाम हजर राहिले. सात जण ओळीत उभे. स्टोअरवाले पुढे आले, "माझे वडील" म्हणाले आणि अडकले. शेडखाली नुसता प्रेसचा दणका ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "मला जरा वेळ द्या. आठवावं लागेल." आणि मागे जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यानंतर कोणी पुढे आलं नाही.

हळूहळू ते आपापले झाले. कारखाना चांगला चालला आहे. बॅटरीचे डबे पुण्यापर्यंत जातात. माणसं बदलली हे खोटं नव्हतं आणि ती परत जुन्यासारखी अडेलही झाली नाहीत. प्रॉडक्शन मॅनेजर दर दुसऱ्या रविवारी येवल्याला जातात. फोनवर बोलताना मधूनच त्यांच्या तोंडून 'लय' येतं, तेव्हा मला बरं वाटतं. मनमाडची ओसरी अजून दिसते, म्हणाले. दिसेना का, आता ते तिला आपली म्हणत नाहीत.

क्वालिटीच्या बाईंचं निराळं झालं. त्या एकदा माझ्या गंगापूर रोडच्या घरी आल्या. वही नव्हती, तर हात कुठं ठेवावेत त्यांना कळत नव्हतं. म्हणाल्या, "मॅडम, ते माझे वडील नाहीत हे मला पहिल्यापासून माहीत होतं. इतरांसारखं माझं झालं नाही."

"मग?"

"माझे वडील चांगले नव्हते." त्या खिडकीकडे बघत होत्या. "ओसरीवर बसून आमच्याशी कधी काही खेळले नाहीत. सोमवारी सोमवारी मला ते तुमचे मिळायचे. मी कारखान्यात परत सांगणार नाही. पण घरी, मनात, राहू देत का?"

ते मी कोणाला द्यायला माझे नव्हतेच. ज्यांचे होते ते काका आणि त्यांची मुलगी आता कुठं असतात ते आईलाही माहीत नाही. मी "राहू द्या" म्हटलं. त्या गेल्यावर मात्र घरभर दिवे लावले, भर दुपारी. त्या माणसाला मी आणखी एका घरात पाठवलं होतं, आणि तिथं तो दाढी करायला आरशापुढे उभा राहील असं मला दिसत होतं.

शनिवारची शिबिरं मी अजून घेते. खुर्च्या बदलायला लावते, पण दोनच दिवसांपुरत्या; संध्याकाळी आपल्या खुर्चीत परत येऊन, आपल्या शब्दांत दिवसाचं लिहायला लावते. स्वतःची गोष्ट सांगत नाही. दुसऱ्या शनिवारी जेवणानंतर लोक पेंगतात. कोणी तरी म्हणतं, "मॅडम, तुमचं काही तरी सांगा ना." मी पुढच्या विषयाकडे वळते. दोन कंपन्यांनी मला परत बोलावलं नाही. पूर्वीसारखी मजा येत नाही, असं कानावर आलं.

आईकडे आता वारंवार जाते. ती फाटकावरच्या दादांबद्दल सांगते. त्यांचा डबा, त्यांचा कंदील, थंडीत लावलेली शेकोटी. मी ऐकते आणि त्यातलं काहीही लिहून घेत नाही. तिनं सांगितलेलं उद्या माझंच वाटायला लागेल, ही भीती आहे.

त्यांची एकच आठवण अशी आहे की जी मला कोणी सांगितलेली नाही. फाटकावरची आहे. तिथं मी आणि ते, दोघंच होतो. ती आईला विचारून मी पडताळून बघितलेली नाही आणि कुठल्याही हॉलमध्ये तिचा उच्चार केलेला नाही. हे लिहिताना दोन-तीनदा हात तिच्याजवळ गेला. ती इथं लिहिणार नाही.